एस्तेरबाईंचं इस्पितळी कन्नड

आमच्या नगरच्या मंडळीतून निपाणीच्या मेळाव्याला दोन बायका पाठवायच्या होत्या. मंडळी म्हणजे आमचं चर्च, आणि चर्चमधली माणसंही. पाळकसाहेबांनी एक मला निवडलं आणि दुसरी एस्तेरला. एस्तेर माझ्याशी दहा महिने बोलत नव्हती, आणि हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं.

"साहेब, आम्ही दोघीच का?" मी विचारलं.

"मेळाव्याचा विषय प्रीती आहे," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा पुसताना पाळकसाहेबांना समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे माणसाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

भांडणाचं कारण आधी सांगून टाकते, कारण त्यावाचून पुढचा प्रवास कळायचा नाही. गेल्या नाताळात उपासना संपल्यावर मी सूचना सांगायला उभी होते. महिला मंडळाची सचिव मीच. एस्तेर दरवर्षीप्रमाणे केकचं ताट घेऊन आली. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि शेजारच्या बाईंच्या कानात म्हणाले, "हा केक आहे का वीट? दात गेला असता माझा." माईक चालू होता. आत सगळ्यांनी ऐकलं, आणि बाहेर अंगणात भोंगा लावला होता तिथेही ऐकलं. कोणीतरी हसलं. एस्तेरने ताट टेबलावर ठेवलं, पदर सावरला आणि घरी गेली. तिचे यजमान दावीदभाऊ जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मी चूक माईकवाल्यावर ढकलली आणि दहा महिने तिथेच ढकलून ठेवली.

बस

कोल्हापूरपर्यंत आमच्यात चौदा सीटांचं अंतर होतं. ती ड्रायव्हरमागे, मी मागच्या दाराशी. कोल्हापूरला निपाणीची गाडी धरली तर ती भरलेली, आणि दोघींना एकाच बाकावर बसावं लागलं. मधे तिची पिशवी ठेवली होती. पिशवीत बीपीचं यंत्र होतं, कारण एस्तेर चाळीस वर्षं नर्स होती आणि बीपीचं यंत्र घेतल्याशिवाय ती भाजी आणायलाही जात नाही.

कंडक्टरने विचारलं, "दोघी एकत्र काय?"

"नाही," आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

त्याने आमच्या दोघींच्या गळ्यातले मेळाव्याचे सारखे बिल्ले बघितले आणि दोन वेगळी तिकिटं फाडली.

कागल मागे पडलं, पाट्यांवरची अक्षरं गोल व्हायला लागली आणि आपण कर्नाटकात आलो हे कळलं. बाकी माणसं तीच, टोप्या त्याच, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं सोयाबीनही तेच. निपाणीच्या अलीकडे तंबाखूची शेतं लागली. आमच्याकडे तंबाखू फक्त पुडीत दिसते, त्यामुळे पहिल्यांदा मला ती कोबीची एखादी दांडगी जात वाटली. मी खिडकीतून बघत म्हणाले, "केवढा हा कोबी."

एस्तेर पुढच्या बाकावरच्या अनोळखी बाईला म्हणाली, "त्यांना सांगा, ती तंबाखू आहे."

त्या बाईने मागे वळून मला इमानेइतबारे सांगितलं. हीच आमच्या दोन दिवसांच्या संभाषणाची पद्धत ठरली.

कांबळे अण्णांचं घर

स्टँडवर शांताक्का घ्यायला आल्या होत्या. मेळावा ज्या खेड्यात होता तिथल्या छोट्या मंडळीचा सगळा कारभार या एका बाईच्या डोक्यावर. तरुणपणी विड्या वळल्या, आता मुलगा इंजिनियर आणि सून शिक्षिका आहे, पण हात अजून रिकामा ठेवता येत नाही. बोलताना नुसत्या हवेतच विड्या वळतात.

"मी कवाच आलतो," त्या म्हणाल्या. "तुमी दोघी दोन दारानं उतरलासा, म्हणून वळखलो न्हाई."

इकडच्या बायका स्वतःबद्दल "आलतो, गेलतो" म्हणतात. पहिल्या दिवशी मी दोनदा मागे वळून बघितलं, कोण पुरुष बोलला म्हणून.

आमची उतरायची सोय चर्चच्या समोर कांबळे अण्णांकडे केली होती. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, घर बौद्ध. दिवाणखान्यात बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि खाली काचेच्या कपाटात पुस्तकंच पुस्तकं. मेळाव्याचा मांडव गावच्या गणेश मंडळाचा होता, स्वयंपाकाची पातेली बुद्धविहाराची, आणि जेवणाच्या पंगती अण्णांच्या अंगणात. मी शांताक्कांना विचारलं की यात मंडळीचं स्वतःचं काय आहे.

"पावनं," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे नगरला आम्ही प्रीतिभोजन करतो तेव्हा शेजाऱ्यांना ताट पाठवतो, आणि ते पाठवलं याचा आम्हाला फार अभिमान असतो. इथे शेजाऱ्यांच्याच अंगणात बसून जेवायचं म्हणजे कोण कोणाला ताट पाठवतंय हे ठरवता येईना.

अण्णा उंच, शांत, मोजकं बोलणारे. चहाच्या वेळी त्यांना आमची गोष्ट अर्ध्या मिनिटात कळली. मी म्हणाले, "अण्णा, त्यांना विचारा साखर हवी का." एस्तेर म्हणाली, "अण्णा, त्यांना सांगा मी दहा वर्षं बिनसाखरेचा पिते, हे त्यांना माहीत आहे." अण्णांनी कप खाली ठेवला.

"मी पस्तीस वर्षं काऊंटरवर बसलो," ते म्हणाले. "काचेच्या भोकातून बोलायची मला सवय आहे. बोला तुम्ही."

त्यांच्या पत्नी मालनवहिनी आत जाऊन हसून आल्या. डोळे पुसत आल्या, म्हणून कळलं.

हुग्गी

संध्याकाळी पंगत बसली. हुक्केरी-गोकाककडच्या बऱ्याच बायका आल्या होत्या, आणि वाढणाऱ्याही त्याच. त्यांचं सगळं कन्नडमध्ये. भाकरी इतकी पातळ की आमच्या नगरच्या भाकरीला लाज वाटावी. भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, आमटी आणि हुग्गी. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, पण खीर हा शब्द तिच्या वजनाला पुरत नाही.

वाढणारी पातेलं घेऊन आली. मला पुरे म्हणायचं होतं आणि कन्नडमध्ये पुरेला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. एस्तेरला कन्नड येतं. ती मिरजेला नर्सिंग शिकली, आणि मिरजेच्या इस्पितळात निम्मे पेशंट कन्नड असत. पण तिला विचारणं म्हणजे हार. म्हणून मी शेजारी बसलेल्या तिच्याकडे कान दिला. वाढणारी तिच्यापुढे वाकली तेव्हा एस्तेर म्हणाली, "बेकु." वाढणारी पुढे सरकली. ती सरकण्याआधी एस्तेरच्या ताटात काय पडलं ते मी बघायला हवं होतं. बघितलं नाही.

"बेकु," मी ठसक्यात म्हणाले.

डावभर हुग्गी पडली. मला वाटलं, बाईला नीट ऐकू आलं नसेल. "बेकु, बेकु," मी हात आडवा धरून म्हणाले. तिला फार आनंद झाला. हात आडवा धरलाय तो लाजून, असं तिने धरलं असावं. तिने आणखी दोन डाव घातले आणि दुसरीला बोलावून माझं कौतुक सांगितलं. दुसरीनेही एक घातला.

ताटात टाकायचं नाही हा आमच्या घरचा नियम. मी सगळी संपवली. उठताना अण्णा हात धुवायला पाणी घालत होते.

"बेकु म्हणजे पाहिजे," ते हळूच म्हणाले. "पुरे म्हणजे साकु."

एस्तेरने पलीकडे तोंड फिरवलं होतं. तिचे खांदे हलत होते.

संदेश

सकाळी माझ्या पोटाने संप पुकारला. तीन वेळा मागच्या अंगणात जाऊन आले आणि खाटेवर आडवी झाले. अकरा वाजता माझा संदेश, म्हणजे भाषण, विषय प्रीती. माझे चार मुद्दे होते, आणि एकही मुद्दा उभं राहिल्याशिवाय सांगता येण्यासारखा नव्हता.

एस्तेर दारात येऊन उभी राहिली. हातात पेला.

"वहिनी," ती मालनवहिनींना म्हणाली, "त्यांना सांगा हे घोट घोट प्यायचं. मीठ-साखरेचं पाणी आहे. एकदम प्यायलं तर परत येईल."

वहिनी माझ्या उशाशीच बसल्या होत्या, एस्तेरही चार हातांवर होती. तरी वहिनींनी मला सांगितलं. मी वहिनींना म्हटलं, "त्यांना थॅंक्यू सांगा." वहिनींनी सांगितलं. एस्तेरने वहिनींच्या हातातून पेला परत घेतला, माझी मान उचलली आणि स्वतः पाजला. नर्सचा हात मानेखाली आला की माणूस मुकाट पितो.

अकराला मी उभी राहिले, मांडवाच्या खांबाला धरून. तेवढ्यात कळलं की भाषांतर करणारी शांताक्कांची सून मतदारयादीच्या कामाला गेली आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही येणाऱ्या बायका मांडवात रगड होत्या, पण माईक बघून एकेक मागे सरकायला लागली. मग कोणीतरी म्हणालं, "त्या नर्सबाई सांगतील की. काल लई झाक बोलत होत्या." सगळ्यांनी मान हलवली. शांताक्कांनी एस्तेरच्या हातात दुसरा माईक दिला. त्यांना बिचाऱ्यांना आमचं काही ठाऊक नव्हतं.

आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो. दहा महिन्यांत मी पहिल्यांदा एस्तेरशी थेट बोलत होते, तेही दोनशे बायकांसमोर, आणि ती पहिल्यांदा माझं ऐकत होती, कारण इलाज नव्हता.

मी म्हणाले, "राग मनात साठवू नये." एस्तेर कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली आणि अर्धा मांडव हसला. यात हसण्यासारखं काय होतं, मला कळेना. मी म्हणाले, "एकमेकींचं ओझं उचलावं." पुन्हा हशा, आणि पुढच्या ओळीतल्या दोघींनी तर टाळी दिली. नगरला माझ्या संदेशाला आजवर कोणी हसलेलं नाही. जांभया देतात. मला जोर चढला.

"क्षमा करणं ही सोपी गोष्ट नाही," मी म्हणाले. एस्तेर बोलली. या वेळी कोणी हसलं नाही, पण बऱ्याच माना हलल्या.

"परक्याच्या शब्दापेक्षा आपल्या माणसाचा शब्द जास्त लागतो," मी म्हणाले, आणि घाईने पुढे जोडलं, "हा झाला तिसरा मुद्दा."

एस्तेर चार मिनिटं बोलली.

मी वाट बघत उभी. तिसरा मुद्दा कन्नडमध्ये इतका लांब कसा, हे मला समजेना. बोलता बोलता तिने एकदा माईक दुसऱ्या हातात घेतला. समोरच्या दोघी-तिघींनी पदराने डोळे पुसले. मग ती शांताक्कांना म्हणाली, "झालं. त्यांना म्हणावं, पुढचं सांगा."

पुढचं मी सांगितलं, पण आता कोणी माझं ऐकत नव्हतं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, आणि मधेच एखादी माझ्याकडे. संपल्यावर हुक्केरीकडची एक म्हातारी पुढे आली, तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये दोन शब्द बोलली. मी ते कौतुक समजून खाली वाकले.

काय म्हणाली ते

दुपारी अण्णा अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना मांडवात मागच्या ओळीत बसलेलं मी बघितलं होतं.

"अण्णा, संदेश कसा झाला?"

"दोन्ही चांगले झाले."

"दोन्ही म्हणजे?"

त्यांनी पेपर घडी घातला. "तुमचा एक, आणि एस्तेरबाईंचा एक. त्यांचं कन्नड सगळं इस्पितळातलं आहे. तुम्ही म्हणालात राग साठवू नये. त्या म्हणाल्या, पोटात वायू धरून ठेवला की तो छातीला लागतो, सोडून द्यावा. तुम्ही म्हणालात ओझं उचलावं. त्या म्हणाल्या, स्ट्रेचरला दोन्ही बाजूंनी माणूस लागतो, आणि पायाकडच्या माणसाने पळू नये."

"आणि क्षमा?"

"जखमेची पट्टी. एकदा बांधून भागत नाही, रोज सोडून बघावी लागते, आणि सोडताना दुखतं." त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "मला पटलं ते."

मी विचारलं की तिसऱ्या मुद्द्यात एवढं काय होतं.

"मला वाटलं तुम्हाला कळलं असेल. मग वाटलं, तुम्हाला कन्नड येत नाही म्हणूनच त्या बोलल्या." त्यांनी घराकडे एकदा बघून घेतलं. "त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला केक करायची आवड. तीस वर्षं नाताळचा केक तोच करायचा. मंडळी म्हणायची एस्तेरचा केक, आणि तो मागे उभा राहून हसायचा, कोणाला सांगू द्यायचा नाही. तो गेला. नाताळ आला. मला केक करता येत नाही. तरी केला, कारण ताट घेऊन गेले नाही तर लोक विचारतील, आणि विचारलं तर मी रडेन. कडक झाला. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण माईकवर काहीतरी बोलली. ती खोटं बोलली नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, तो दुसऱ्यांदा गेला."

कोंबडी अंगणातून चालत गेली. मी तिच्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते सुचेना. तीस वर्षं मी त्या घरात जात होते. नाताळच्या आदल्या दिवशी दावीदभाऊंच्या मिशीला मैदा लागलेला असायचा. मी समजत होते, बायकोला मदत करतात.

"ती म्हातारी मला काय म्हणाली?" मी शेवटी विचारलं.

"म्हणाली, चुकतंय माणूस."

रांग

एस्तेर अण्णांच्या ओसरीवर बीपी तपासत बसली होती. मेळाव्यातल्या दोघींनी विचारलं म्हणून यंत्र काढलं, आणि बघता बघता गावातल्या बायका आल्या. चर्चच्या, विहाराच्या, मारुतीच्या देवळाकडच्या, सगळ्या एका रांगेत, दंडावरची बाही वर करून. प्रत्येकीचं ऐकून ती मिठाबद्दल रागवत होती. कन्नडमध्ये रागवताना ती फार खूश दिसते.

तिला एकटीला गाठायचं म्हटलं तर संध्याकाळपर्यंत जमलं नसतं. माझ्या लक्षात आलं की तिच्यासमोर बसायचा एकच रस्ता आहे. मी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे अकरा बायका होत्या. मागची एक मला म्हणाली, "तुमाला बी बीपी हाय व्हय?" मी म्हटलं, आहे, आणि आत्ता वाढलंय.

माझा नंबर आला. स्टुलावर बसले. एस्तेरने मान वर न करता माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"एल्ली नोवु री?" तिने सवयीने विचारलं. कुठे दुखतंय, एवढं कन्नड मला आता कळत होतं. मग तिने माझं घड्याळ ओळखलं आणि वर बघितलं.

"एस्तेर," मी म्हणाले, "तो केक…"

"बोलू नकोस. बोललं की बीपी जास्त दाखवतं."

तिने फुगा दाबला. पट्टा आवळला, हवा सुटली, काटा खाली आला. एवढा वेळ आम्ही दोघी त्या काट्याकडे बघत होतो.

"एकशे साठ. सकाळची गोळी घेतली होतीस?"

"नाही. पोट बिघडलं होतं ना."

"माझ्या पिशवीत आहे. जाऊन घे." ती पट्टा सोडायला लागली. सोडता सोडता म्हणाली, "कडक झाला होता. मला माहीत आहे. ते केकात किती अंडी टाकायचे, मी कधी विचारलंच नाही."

"मी माईकवाल्यावर ढकललं. माईकने काही केलं नाही. मी बोलले म्हणून झालं. मला माफ कर."

तिने पट्टा नीट गुंडाळला. फार वेळ गुंडाळला. मागची बाई घसा खाकरली.

"बरं," एस्तेर म्हणाली. "ऊठ आता. मागे रांग आहे."

मी उठले. दहा महिन्यांत कोणाच्या मध्यस्थीशिवाय तिने मला सांगितलेल्या या पहिल्या गोष्टी: बोलू नकोस, गोळी घे, ऊठ. माझ्या जन्मात इतकं गोड कोणी बोललं नाही.

काकती

आमची परतीची रेल्वे रविवारी संध्याकाळी बेळगावहून होती. शनिवारी जेवताना एस्तेर म्हणाली, "मला उद्या सकाळीच निघायचंय. वाटेत काकतीला उतरेन. येतेस?"

मग तिने सांगितलं. लग्नाआधी दावीदभाऊ तीन वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला होते आणि काकतीला एका शेतकऱ्याच्या घरी बाहेरच्या खोलीत राहायचे. त्या घरची पार्वताक्का. दरवर्षी दिवाळीला पत्र, पुढे फोन. मग कोणाचा तरी नंबर बदलला. दावीदभाऊ गेल्याचं तिथे कोणालाच माहीत नाही. "मी या मेळाव्याला आले ती त्यासाठी," एस्तेर म्हणाली. "पाळकसाहेबांनी तुझं नाव नंतर सांगितलं. तेव्हा मी जवळजवळ नाहीच म्हणणार होते."

काकतीला घर सापडायला वेळ लागला, कारण एस्तेर कौलारू घर आणि समोर चिंच शोधत होती, आणि तिथे आता दोन मजली स्लॅब आणि समोर मोटार होती. सुनेने दार उघडलं. नाव सांगताच म्हणाली, "या की आत. आक्कांना ऐकायला कमी येतंय, जरा मोठ्यानं बोला."

पार्वताक्का स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा फोडत होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. सुनेने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, "दावीदच्या घरातनं आल्यात!" त्यांनी वर बघितलं. मी पुढे होते. त्यांनी माझा हात धरला.

"दावीदाची बायको तू," त्या म्हणाल्या. "किती वर्सं वाट बघितलो मी. त्यो कुठं हाय? गाडी लावाय गेलाय व्हय?"

मी बोलायला प्रसिद्ध बाई. सचिव, वक्ता, चार मुद्दे. "मी नाही आक्का," मी कशीबशी त्यांच्या कानात म्हणाले, "मी बायको नाही."

"व्हय, व्हय, दमलीयास," त्या म्हणाल्या आणि माझा हात थोपटला.

एस्तेर उंबऱ्यावरच उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी धरून. चाळीस वर्षं तिने इस्पितळाच्या व्हरांड्यात लोकांना असल्या बातम्या सांगितल्या होत्या. तरी ती उंबरा ओलांडत नव्हती. मी माझा मोकळा हात मागे केला आणि तो तिने धरला. मग ती आत आली, पार्वताक्कांच्या समोर जमिनीवर बसली आणि त्यांच्या कानाशी सावकाश म्हणाली, "आक्का, दावीदची बायको मी. ते गेले. गेल्या वर्षी पावसाळ्यात."

पार्वताक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"दुखलं काय त्याला लई?"

"नाही. झोपेत गेले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "हितं कावीळ झालती तवा मी पथ्याचा भात घालायचो, लई वरडायचा. मी म्हणायचो, अरं, गडी हाईस का पोरगी." त्यांनी पदराने डोळे कोरडे केले, मग माझ्याकडे वळल्या. माझा हात अजून त्यांच्याकडेच होता. "मग ही कोन?"

एस्तेरने माझ्याकडे बघितलं. काय सांगते म्हणून मीही बघत होते.

"आमचीच आहे," ती म्हणाली.

"भैन?"

"नाही. भांडते माझ्याशी."

"मग भैनच की." पार्वताक्कांचा हिशेब मिटला. मग त्यांना काहीतरी आठवलं. "आज वार कोन्ता?"

"रविवार," सून म्हणाली.

"आइतवार. मग तुमी देवळात न्हाई गेलासा?"

आम्ही खरंच गेलो नव्हतो.

"त्यो बी असाच," त्या म्हणाल्या. "आइतवारी झोपून ऱ्हायाचा. मी त्याला च्या देत नव्हतो. म्हणायचो, आधी तुझ्या देवळात जाऊन ये, मग च्या. तुझी आई तिकडं लांब बसलीया, तिला काय सांगू मी." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "आता गाडी धरून कवा जाणार तुमी. हितंच करा काय ते. मी बसतो."

सुनेने बाहेरचा टीव्ही बंद केला आणि पिठाच्या हातांनी दाराशी उभी राहिली. भिंतीवर महादेव, लक्ष्मी आणि घरातल्या मोठ्या माणसांचे फोटो होते. मला मेळाव्यात सांगितलेलं एकही वाक्य आठवेना. मी डोळे मिटून एवढंच म्हणाले की, देवा, एका परक्या पोराला या घरात खोली मिळाली, काविळीत पथ्याचा भात मिळाला आणि रविवारी उठवायला कोणीतरी मिळालं, त्याबद्दल तुझे उपकार. एस्तेरने दावीदभाऊंच्या आवडीचं गीत धरलं. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज गेला. मी पुढे उचललं, मग तिने परत धरलं. पार्वताक्का सगळा वेळ हात जोडून, उघड्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"पोचलं असंल त्याला." त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि सुनेला वाढायची खूण केली. "बसा आता. भाकरी निवत्यात."

आम्ही बसलो.